विहीर आणि भाग

नंदुरबार जिल्ह्यांत शहाद्याजवळ उनपदेव येथें उष्ण पाण्याचा झरा आहे. अशा झऱ्यांवाटे भूगर्भांतील वायु वर येतात. बंगालमधील बक्रेश्वरच्या झऱ्यांत हेलियम आढळला आहे. तेव्हां उद्यां एखादी लहानशी कंपनी ‘आम्ही हेलियम शोधतों, भाग घ्या’ असें म्हणत आमच्या दारीं आली, तर तीस पैसे देणें हें साहस कीं जुगार, हा प्रश्न अगदींच कल्पनेंतला नाहीं. लंडनच्या बाजारांत असे भाग विकले गेले आहेत.

वस्तु खोटी नाहीं. युरेनियम व थोरियम यांच्या विघटनानें जुन्या खडकांत हा वायु कोट्यवधि वर्षें सांचत असतो. रुग्णालयांतील एमआरआय यंत्राचें चुंबक उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवण्यास त्याचा द्रव लागतो. परंतु वस्तु खरी म्हणून व्यवहार खरा ठरत नाहीं. १९०३ सालीं अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत डेक्स्टर गांवीं जमिनींतून वायु उसळला. तो पेटवण्याचा सोहळा पाहण्यास लोक जमले, आणि तो पेटेना. त्यांत हेलियम असल्याचें १९०५ मध्यें कॅडी आणि मॅक्फार्लंड यांस आढळलें. टांझानियांतील रुक्वा खोऱ्यांत २०२१ सालीं एका लहान कंपनीच्या पहिल्या विंधणांत काढण्याजोगा साठा लागला नाहीं व भाव कोसळला. २०२४ सालीं त्याच खोऱ्यांत दुसऱ्या विंधणांतून हेलियम वर आला. खडक आमच्या घाईस बांधलेला नाहीं, हेंच खरें.

कोणी म्हणेल, मग हा जुगारच. आम्हांस तसें वाटत नाहीं. आमचा शेतकरी काळ्या कातळांत विहीर खणतो, तेव्हां त्यासहि खात्री नसते; या कातळांत पाणी मुख्यतः भेगांतून वाहतें, आणि बांधाच्या अलीकडची विहीर भरलेली व पलीकडची कोरडी, हें नित्याचें आहे. तरी त्यास कोणी जुगारी म्हणत नाहीं. कारण विहीर कोरडी निघाली, तर ती भरलेली म्हणून तो शेजाऱ्याच्या गळ्यांत बांधीत नाहीं. अनिश्चिततेंत पाप नाहीं. तिचें ओझें जाणूनबुजून आपल्याहून अजाण माणसावर टाकण्यांत तें आहे. उद्यां कोणी तरी चढ्या भावानें घेईल, एवढ्याच आशेनें जो भाग घेतला जातो, त्याचा नफा बहुधा अशाच अजाणाच्या खिशांतून येतो.

म्हणून, विंधण तळास पोहोंचेपर्यंत भाग जवळ ठेवण्याची ज्याची तयारी आहे, आणि तो सर्वस्वीं बुडाला तरी ज्याच्या घरचें बियाणें व मुलांचें शिक्षण अडणार नाहीं, त्यानें तो खुशाल घ्यावा. तो शोधाचा भागीदार होय.

मात्र भाग न घेतांहि तोटा सोसणारे असतात. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील आदिवासींचीं गांवें गेलीं; तो व्यवहार त्यांनीं मांडलेला नव्हता. खडकावर ज्याचें घर आहे, त्यास विचारल्यावांचून खडकाखालच्या संपत्तीचे भाग विकणें वा घेणें आम्हांस मान्य नाहीं. आपला पैसा पणास लावण्याचा अधिकार आपला आहे. दुसऱ्याच्या पायाखालची जमीन पणास लावण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.