करारावर सही कोणाची?

पदवीच्या वर्गात हॉब्ज, लॉक आणि रूसो शिकवण्याची आपली पद्धत ठरून गेली आहे. फळ्यावर तीन रकाने आखायचे. निसर्गावस्था, करार, सार्वभौम सत्ता असे मुद्दे भरत जायचे. मुले तक्ता उतरवून घेतात, परीक्षेत तसाच लिहितात, गुणही मिळवतात. विचारवंताशी वाद घालायला मात्र ती शिकत नाहीत. राज्याचा अधिकार येतो कुठून, हा ज्ञानोदयकाळाने धीटपणे विचारलेला प्रश्न असा पाठांतरात विरून जातो.

म्हणून प्रत्येक कराराला तीन प्रश्न विचारायची सवय मुलांना लावावी: लिहिणाऱ्याला भीती कशाची होती? माणसाने काय सोडून द्यायचे? आणि सही करायला कोणाला बोलावलेच नाही?

हॉब्जची भीती समजायला ‘लेव्हायथन’चे (१६५१) मुखपृष्ठचित्र वर्गात दाखवावे. डोंगरामागून उभा ठाकलेला अजस्र राजा, एका हातात तलवार, दुसऱ्यात धर्मदंड. नीट पाहिले तर त्याचे धड शेकडो माणसांचे बनलेले दिसते आणि त्या सगळ्यांची तोंडे राजाकडे आहेत. १६४२ साली इंग्लंडमध्ये यादवी पेटली, १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला. त्या रक्तपातानंतर सुरक्षिततेसाठी जवळजवळ सगळे हक्क राजाच्या हवाली करावेत, असे एका बुद्धिमान माणसाला का वाटले असेल, हे चित्र पाहून मुले स्वतःच बोलू लागतात.

लॉकने सत्तेला संमतीची अट घातली आणि विश्वासघात करणारे सरकार उलथवण्याचा हक्क लोकांना दिला. पण राज्याच्या रस्त्यावरून नुसते चालणाराही अप्रकट संमती देतो, असे तो म्हणतो. इथे थांबून १७४८ सालचा ह्यूमचा आक्षेप वाचावा. झोपेत जहाजावर आणलेला माणूस समुद्रात उडी टाकत नाही, एवढ्यावरून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असे म्हणायचे का? गरीब शेतकऱ्याला देश सोडून जाणे कितपत शक्य असते? या एका उताऱ्यावर तास रंगतो, कारण उत्तर तक्त्यात सापडत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता लॉक गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा भागधारक होता. रूसोचा ‘सामाजिक करार’ १७६२ साली जिनिव्हात जाळला गेला. त्याच वर्षीच्या ‘एमील’मध्ये मात्र त्याने स्त्रीचे शिक्षण पुरुषाच्या सोयीने बेतले. मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ साली त्याला उत्तर दिले, तेही विवेकाच्या आणि हक्कांच्याच भाषेत. या विसंगती दाखवल्या म्हणजे विचार मोडीत काढला असे होत नाही. वगळलेल्यांनीच तो विचार हातात घेऊन पुढे नेला, हे मुलांना कळायला हवे.

महात्मा फुले थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचून याच परंपरेशी जोडले गेले. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. युरोपात मांडलेला हक्क शूद्रातिशूद्रांचाही आहे, हे त्यांना कोणी तक्ता आखून शिकवले नव्हते. त्यांनी वाचलेल्या तत्त्वाला आपल्या समाजाचा जाब विचारायला लावले.

हे कौशल्य शिकवता येते, म्हणून ते प्रश्नपत्रिकेतही उतरले पाहिजे. ‘लॉकचे विचार स्पष्ट करा’ याऐवजी ‘ह्यूमच्या आक्षेपाला लॉकच्या वतीने उत्तर द्या आणि ते तुम्हाला पटते का, सकारण लिहा’ असे विचारावे. आज ना उद्या मतदार होणाऱ्या मुलांकडून एवढी अपेक्षा ठेवणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे.