शिकाऊ हात आणि दुसऱ्याचा हक्क



वकिलीचे शिक्षण केवळ वर्गात पुरे होत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. ती वकिलाच्या कार्यालयात करता येते, तशी सामाजिक संस्थेतही. काही विद्यार्थी संस्थेची वाट धरतात आणि दिव्यांग मुलांच्या शिक्षणहक्काचे काम शिकतात. त्यांचे आपण कौतुक करतो. पण एक प्रश्नही विचारायला हवा. ज्यांचे म्हणणे आधीच कमी ऐकले जाते, त्यांच्या अडचणीवर शिकाऊ माणसाने हात बसवावा, हे न्याय्य आहे का?

प्रश्न सोपा नाही. त्याच नियमांनुसार एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक इंटर्नशिप करता येत नाही. शाळेशी चाललेला वाद मात्र इतक्यात क्वचितच मिटतो. विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन जातो, नवा येतो, आणि आई सारी हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगते. मुलाचे वाया गेलेले वर्ष काही परत येत नाही.

मग अनुभवी वकीलच हवा, असे म्हणायचे का? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे प्रत्येक बालकाला व दिव्यांग व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. पण वकिलापर्यंत पोहोचण्याआधीच कित्येक पालक थकतात. अर्ज नीट लिहिणे, दाखले जोडणे, अर्जाची पोच घेणे, शाळेचा नकार लेखी मागणे, ही कामे जाणत्या वकिलाच्या देखरेखीखाली विद्यार्थी चांगली करू शकतो. न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार त्याला अजून नसतो, आणि ही मर्यादा त्याने पालकांना पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे.

याहून मोठे कामही त्याच्या हाती आहे. आपल्याकडे दिव्यांग मुलाला शाळेत घेतले की पालक आभार मानतात. वास्तविक दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश देणे व गरजेनुसार सोयी करणे अपेक्षित आहे. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत, किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दया आज मिळते, उद्या नाकारता येते. हक्काचे तसे नसते.

म्हणून आम्हांला वाटते, विद्यार्थी काय शिकला एवढ्यावर ही इंटर्नशिप मोजू नये. तो गेल्यावर आईजवळ काय उरले, हे पाहावे. तिच्या हाती सगळ्या कागदांची फाईल असेल, पुढची तारीख तिला ठाऊक असेल, कलमाचा आधार घेऊन मुख्याध्यापकांशी ती स्वतः बोलू शकत असेल, तर त्या चार आठवड्यांत तिच्यावर अन्याय झाला नाही. यातले काहीच उरले नसेल, तर तिच्या दुःखाचा केवळ सरावासाठी वापर झाला.

आपल्या घरांतही कायदा शिकणारी मुले असतील, आणि शाळेच्या दारातून परत आलेले पालकही. पुढच्या सुट्टीत इंटर्नशिप कुठे करायची हे ठरवताना मुलांनी या पालकांचीही आठवण ठेवावी.