एका दिवसाचे पाहुणे

कॅरिबियन समुद्रातील प्रवासी जहाजे सकाळी एखाद्या बेटाला लागतात. प्रवासी किनाऱ्यावर उतरतात, पाच-सहा तासांत किल्ला, बाजार आणि पुळण पाहून घेतात व सायंकाळी परततात. रात्री जहाज दुसऱ्या बेटाकडे निघते. ही सफर आता मराठी कुटुंबांनाही अपरिचित राहिलेली नाही. ज्यांच्या दारी आपण इतका अल्पकाळ जातो, त्यांचे आपण काही देणे लागतो काय? हा प्रश्न तिकिटाच्या किमतीत मिटत नाही, असे आम्हांस वाटते.

हैती देशाच्या उत्तर किनाऱ्यावर लाबादी नावाची जागा आहे. एका जहाज कंपनीने भाडेपट्ट्याने घेतलेली ही पुळण कुंपण घालून पर्यटकांसाठी राखलेली होती. १२ जानेवारी २०१० रोजी भूकंपाने राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली आणि १५ जानेवारीस लाबादीला पर्यटकांचे जहाज लागले. त्या जहाजातून मदतीचे सामानही उतरले. शिवाय स्थानिक लोकांची रोजी या जहाजांवरच अवलंबून होती. तरीही, देशबांधव ढिगाऱ्याखाली असताना त्यांच्या वाळूत आपण पहुडावे काय, या विचाराने काही प्रवासी जहाजातच थांबले. उतरणाऱ्यांना दोषी ठरवणे सोपे नाही. जहाज माघारी फिरते तर गरिबाचाच दिवस बुडाला असता. आमच्या मते खरा प्रश्न उतरण्या-न उतरण्याचा नसून कुंपणाचा आहे. पलीकडे काय आहे ते न पाहण्याची सोय जेव्हा विकत मिळते, तेव्हा विवेकाला झोप लागते.

यासाठी हैतीपर्यंत जाण्याचेही कारण नाही. भोर आणि वेल्हे या तालुक्यांना समुद्र नाही; परंतु शनिवार-रविवारी पुण्याहून निघालेल्या गाड्या येथे हेच करतात. वेल्हे तालुक्यास २०२५ साली राजगड हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी जुलैत राजगड किल्ल्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सकाळी राजगड वा तोरणा चढावा, किंवा मढे घाटाचा धबधबा पाहावा, पायथ्याच्या घरी पिठलं-भाकरी खावी आणि दिवेलागणीला परतावे, असा हा क्रम असतो. मोटारींच्या काचा हेही एक कुंपणच होय, फक्त ते चाकांवर चालते.

पर्यटक येतात ते प्रामुख्याने आषाढ-श्रावणात. तेव्हा डोंगर हिरवे असतात आणि कड्याकड्यांवरून पाणी कोसळत असते. तेच पाणी उतारांवरून वाहून जाते आणि वैशाखात याच डोंगरांतील वाड्यावस्त्यांच्या बायकांना हंड्याभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. भोरजवळचे भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडील कोरड्या शिवारांना जाते. काठावर उभे राहून छायाचित्र घेणाऱ्यास जलाशय दिसतो, वैशाखातला हंडा दिसत नाही. कॅरिबियन बेटांचेही असेच आहे. चक्रीवादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर. जहाजांची गर्दी मात्र हिवाळ्यात. आपण ज्या दिवशी गेलो तो दिवस म्हणजे ते गाव नव्हे, एवढे भान सुटले की पाहणे खोटे ठरते.

यावर कोणी म्हणेल, आम्ही भाकरीचे पैसे चोख दिले, मग ऋण कसले? हा आक्षेप हलका नाही. त्या पैशावर पायथ्याच्या घरांतली मुले शिकतात. पर्यटक येणेच बंद झाले तर आमची नीतिवचने कोणाची चूल पेटवणार नाहीत. शिवाय एका दिवसाच्या माणसाने गावाचे प्रश्न सोडवावेत, अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. परंतु पैशाने भाकरीचा हिशेब फिटतो, भाकरी थापणाऱ्या मावशीचा नव्हे. ती ताट वाढताना विचारते, "कुठून आलात?" आपण उठताना विचारतो, "किती झाले?" तिच्या प्रश्नात माणूस आहे, आपल्या प्रश्नात केवळ रक्कम. पाहुणा आणि गिऱ्हाईक यांतला भेद इतकाच, आणि तो मुक्कामाच्या लांबीवर ठरत नाही. वर्षभर राहूनही माणूस गिऱ्हाईकच राहू शकतो. तासाभरासाठी येऊनही पाहुणा होऊ शकतो.

म्हणून अल्पकाळ जाणे हा दोष नव्हे. अल्पकाळात सर्व पाहिले असे मानणे आणि यजमानाला देखाव्याचा भाग समजणे, हा दोष होय. आपला कचरा आपल्या पिशवीतून परत न्यावा, घासाघीस न करता दाम द्यावा, रस्त्यात गाडी आडवी लावून गावकऱ्यांची वाट अडवू नये. ही झाली साधी सभ्यता. त्यापलीकडे एक गोष्ट आम्ही सुचवू. निघताना त्या मावशीस विचारावे, "उन्हाळ्यात पाणी कुठून आणता?" उत्तराने तिचा हंडा हलका होणार नाही, परंतु पुढच्या वेळी धबधब्याखाली उभे राहताना अंगावर पडणारे पाणी कोणाचे आहे, हे आपणांस ठाऊक असेल.