उपयोगाचा दाखला

आठवीच्या वर्गात सजीवांचे वर्गीकरण शिकवीत होते. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ साली मांडलेल्या पाच सृष्टी फळ्यावर लिहिल्या. मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. प्रोटिस्टाखाली अमीबा, पॅरामेशियम आणि मलेरियाचा प्लाझमोडियम ही नावे घातली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "टीचर, मलेरिया का जरासीम अल्लाह ने किसलिए बनाया?"

त्याचा थोरला भाऊ आदल्या पावसाळ्यात मलेरियाने गेला होता. मला ते ठाऊक होते. तरीही मी पुस्तकी उत्तर दिले, की निसर्गात प्रत्येक जिवाचा काही ना काही फायदा असतोच. तो म्हणाला, "भाई के मरने में किस का फायदा था?" आणि खाली बसला.

मला माझ्या उत्तराची लाज वाटली. ते खोटे होते म्हणून नव्हे. प्रोटिस्टा म्हणजे निव्वळ रोगजंतू नव्हेत. समुद्रातले डायटम डोळ्यांना दिसत नाहीत, पण पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा तेच करतात. म्हणजे आपल्या श्वासातला बराच प्राणवायू त्यांच्या कष्टाचा. वाळवी लाकूड खाते म्हणून आपण तिला शिव्या देतो, पण वाळवीच्या कित्येक जातींना ते लाकूड स्वतःला पचवता येत नाही. त्यांच्या आतड्यात राहणारे प्रोटिस्ट ते पचवतात. जंगलात पडलेले ओंडके पुन्हा मातीत मिळण्यात या चिमुकल्यांचाही वाटा असतो. हे सारे खरे आहे. पण डायटमचे पुण्य प्लाझमोडियमच्या खात्यावर जमा करता येत नाही. तसेच प्लाझमोडियमच्या गुन्ह्यासाठी साऱ्या सृष्टीला पिंजऱ्यात उभे करता येत नाही. (वाचकांना हा न्याय ओळखीचा वाटला तर नवल नाही.)

खरी अडचण 'फायदा' या शब्दात होती. मलेरिया शिकवताना मी दरवर्षी एक किस्सा सांगते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. तो डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेला होता. हुसेन खानला दर डासामागे एक आणा मिळाला, रॉस यांना १९०२ साली नोबेल. हुसेन खानचे नाव ऐकून माझी मुले खूश होतात आणि मीही होते. आपलेही कोणी तिथे होते, आपलाही हातभार लागला! आपण जलशांत, अंकांत, भाषणांत हेच तर करीत असतो. या देशासाठी आम्ही काय काय केले याची यादी पुढे ठेवतो. जणू ती यादी नसती तर आमचे असणे नियमबाह्य ठरले असते. हा दाखला मागणाऱ्याचा मला राग येतो. मग त्या मुलापुढे प्रत्येक जिवाच्या उपयोगाचा दाखला मी का फडकवीत होते?

काही जण म्हणतील, ही आजमाइश आहे. असेल. पण ज्याच्या घरातून जनाजा उठला त्याला हे सांगायचा हक्क मला नाही.

प्लाझमोडियमला रक्तात गाठून मारणे हे कर्तव्यच आहे. मच्छरदाणी लावावी, टाकीवर झाकण ठेवावे, औषधाचा डोस अर्धवट सोडू नये. मला त्यात काडीचाही संकोच नाही. पण मारणे वेगळे आणि याने जन्मालाच यायला नको होते असा निवाडा देणे वेगळे. पहिले काम तबीबाचे. दुसरी खुर्ची माणसाची नव्हे. तिच्यावर बसलेला माणूस सरसकट फवारणी करतो. त्या फवारणीत डासांबरोबर चतुरही मरतात, ज्यांची पिल्ले पाण्यात डासांच्याच अळ्या खाऊन वाढतात.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. प्लाझमोडियमच्या पेशीत एक छोटासा अवयव असतो. तो एका शैवालाकडून आलेल्या हरितलवकाचा अवशेष आहे. त्याचे पूर्वज कधी काळी उन्हावर जगत होते! सूरह अनआममध्ये पशुपक्ष्यांसाठी 'उमम', म्हणजे उम्मतचेच अनेकवचन, आले आहे. प्लाझमोडियम कोणत्या उम्मतीतला, हे आलिमांनी सांगावे. मला एवढेच दिसते, की जन्मजात गुन्हेगार अशी जमात मला तिथेही सापडली नाही.

पुढच्या आठवड्यात त्या मुलाला मी डबक्यातले पाणी आणायला सांगितले. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक, तोही रुसलेला. बऱ्याच खटपटीने एक पॅरामेशियम दिसला. मुलगा कितीतरी वेळ डोळा लावून उभा होता, मागची रांग ओरडू लागली तरी हलेना.

"टीचर, ये इतना किसलिए दौड रहा है?"

"अपने काम से," मी म्हटले.

त्याने जागा सोडली नाही. मीही त्याला उठवले नाही.