चुंबक, मन आणि आत्मा

खिन्नतेने ग्रासलेल्या मनाला एखाद्या यंत्राने उभारी येत असेल, तर मन म्हणजे तरी काय आणि आत्मा उरला कोठे, असा प्रश्न भाविक माणसाला पडणे स्वाभाविक आहे. मेंदूच्या चुंबकीय उद्दीपनाने, म्हणजे टी.एम.एस. या उपचाराने, हा प्रश्न अधिकच निकडीचा केला आहे.

या उपचाराचे मूळ मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेल्या तत्त्वात आहे. चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की जवळच्या वाहकात वीज उत्पन्न होते. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याशी तारेचे वेटोळे धरून, कवटीला धक्का न लावता, मेंदू उद्दीपित करून दाखविला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०१८ मध्ये मंत्रचळासाठी या पद्धतीस अनुमती दिली. रुग्णाला भूल देत नाहीत; तो खुर्चीत जागा असतो. नैराश्यात वेटोळे बहुधा कपाळाच्या वर डाव्या बाजूस ठेवतात. आठवड्यातून पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे हा क्रम चालतो. काहींचे डोके दुखते, क्वचित फेफरे येते. डोक्यात धातूचा तुकडा असल्यास हा उपचार सहसा वर्ज्य मानतात. सर्वांनाच गुण येतो असेही नाही. बाजारात मिळणाऱ्या चुंबकी पट्ट्यांशी मात्र त्याचा काही संबंध नाही.

पहिला आक्षेप असा की, दुःख हा आत्म्याचा विषय. त्यावर तारेचे वेटोळे काय करणार? या आक्षेपाला आपल्या परंपरेतच उत्तर आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खिन्नतेवरील उपाय सांगताना अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्याबरोबरच झोप व स्नान यांचाही समावेश केला. एलिया संदेष्टा रानातील झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. देह आणि आत्मा ही एकमेकांना परकी अशी दोन बिऱ्हाडे नव्हेत. दोहोंचा मिळून एक माणूस होतो. म्हणून देहावर केलेला उपचार आत्म्याचा अपमान ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. यंत्राने आलेला आनंद खरा मानावा काय? उपचार लागू पडला तर झोप, भूक, सकाळी उठण्याचे बळ परत येते. पण उठून कोठे जावे, कोणाला क्षमा करावी, कोणावर प्रीती करावी, हे वेटोळे शिकवीत नाही. ते माणसाचे स्वातंत्र्य निर्माण करीत नाही; आजाराने अडवून धरलेली वाट मोकळी करू शकते. कृपा निसर्गाला नष्ट करीत नाही, पूर्णत्वास नेते, ही शिकवण येथे लागू पडते. अर्थात मर्यादा आहेच. आप्ताच्या मृत्यूचा शोक किंवा अपराधानंतरची टोचणी हा आजार नव्हे. ती यंत्राने पुसून टाकू पाहणे गैर होय. वैद्याला रुग्णाच्या संमतीपलीकडे अधिकार नाही आणि रुग्णही स्वतःचा निरंकुश मालक नाही, हे पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्येच स्पष्ट केले होते.

खरी कसोटी मात्र रुग्णालयात नाही, आपल्या घरात आहे. मधुमेह झालेल्याला आपण श्रद्धा कमी पडल्याचे सांगत नाही; निराश झालेल्याला मात्र सहज सांगतो. सोयरीक मोडेल या भयाने त्याचा आजार लपवितो आणि उपचाराची वेळ दवडतो. मुळात निराशेच्या आजारात प्रार्थनेचे शब्दही जड होतात. अशा वेळी त्याची प्रार्थना कमी पडली म्हणणे म्हणजे लंगड्याला तू धावत का नाहीस, असे विचारणे होय. गंभीर मानसिक व्यथेने माणसाची नैतिक जबाबदारी उणावू शकते, हे १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही मान्य केले आहे.

यंत्राचे काम दिवसातून काही मिनिटांचे. उरलेला दिवस कुटुंबाचा आणि धर्मग्रामाचा आहे. महिनाभर रोज रुग्णालयात जायचे तर सोबत कोणीतरी लागते. ती सोबत करणारा शेजारी, त्याच्यासाठी प्रार्थना करणारे कुटुंब आणि वेटोळे हाती धरणारा वैद्य, हे तिघेही एकाच प्रभूच्या आरोग्यदायी कार्यात सहभागी आहेत.