घरगुती ध्वनिमुद्रणातील पातळी आणि कॉम्प्रेशन

ख्यालगायनात स्वर किती भरून लावला आणि किती हळुवार सोडला, हा केवळ गळ्याच्या ताकदीचा प्रश्न नसून रागविस्ताराचाच एक भाग असतो. मंद्र षड्‌जावर आवाज अगदी बारीक करून पुढच्याच आवर्तनात तार षड्‌जाला भरदार भिडणारा गायक त्या अंतरातून जे सांगतो, ते कोणत्याही स्वरलिपीत उतरत नाही. असे गाणे जेव्हा घरच्या खोलीत एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस आणि एक संगणक एवढ्या सामग्रीवर मुद्रित केले जाते, तेव्हा ध्वनीची पातळी कुठे ठेवायची आणि कॉम्प्रेसर लावायचा की नाही, हे निर्णय वरकरणी तांत्रिक वाटले तरी त्यांचे परिणाम थेट गाण्यावर होतात. हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. पण आवाज ‘कमी आला’ या धास्तीने पहिल्याचे काम दुसऱ्यावर ढकलले जाते, आणि घरगुती मुद्रणातला बराचसा बिघाड तिथूनच सुरू होतो.

पातळी म्हणजे माइककडून येणारा क्षीण विद्युत संकेत इंटरफेसवरील गेनच्या बटणाने किती वाढवून संगणकाकडे पाठवायचा, याचे माप. डिजिटल मुद्रणाची मोजपट्टी शून्य डेसिबलवर संपते आणि तिच्यावरील सर्व आकडे उणे असतात. शून्याच्या वर जागाच नसल्यामुळे त्यापुढे जाऊ पाहणाऱ्या ध्वनिलहरीचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात, आणि कापलेला माथा नंतर जसाच्या तसा परत मिळत नाही. चुंबकीय फितीच्या काळात परिस्थिती वेगळी होती. फितीला स्वतःची सरसर असे, ती झाकण्यासाठी मुद्रण शक्य तितक्या वरच्या पातळीवर करावे लागे, आणि थोडी मर्यादा ओलांडली तरी फीत आवाज एकदम न तोडता हळूहळू दाबत जाई. आज 24 बिटच्या मुद्रणात प्रत्येक बिटमागे सुमारे 6 डेसिबल या हिशेबाने तत्त्वतः 144 डेसिबलचा पल्ला मिळतो. प्रत्यक्ष उपकरणांत तो बराच कमी भरतो, तरीही खोलीतला पंखा आणि खिडकीबाहेरची रहदारी यांचा आवाज उपकरणाच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी वर असतो. म्हणून सर्वांत मोठा स्वर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिला आणि सर्वसाधारण गाणे उणे 20 च्या जवळपास फिरत राहिले, तर ऐकू येण्याजोगे काहीच गमावले जात नाही. वर सोडलेल्या या मोकळ्या जागेला हेडरूम म्हणतात. पातळी जुळवण्यासाठी ‘जरा गाऊन दाखवा’ असे म्हटले की गायक साहजिकच आलापाचे चार स्वर लावतो, आणि तेवढ्यावर गेन ठरवला तर अर्ध्या तासानंतर गळा तापून द्रुतातली तान सुटते तेव्हा ती शून्याला धडकते. चाचणी घ्यायची ती तारसप्तकातल्या तानेची.

कॉम्प्रेसरचे काम याहून निराळे आहे. ठरवलेल्या उंबरठ्याच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर गेलेला आवाज तो एका प्रमाणात खाली आणतो. उंबरठा उणे 20 डेसिबल आणि प्रमाण चारास एक असेल, तर उणे 8 वर पोहोचलेला, म्हणजे उंबरठ्याच्या 12 डेसिबल वर गेलेला स्वर फक्त 3 डेसिबल वर राहून उणे 17 वर येतो. ही पकड किती झटकन बसावी हे अ‍ॅटॅकने आणि किती सावकाश सुटावी हे रिलीजने ठरते. त्यानंतर संपूर्ण मुद्रणाची पातळी उचलली जाते, त्यामुळे हळुवार भाग पूर्वीपेक्षा मोठे ऐकू येतात. नेमके इथेच ख्यालाचे नुकसान होते. मुखडा घेऊन गायक समेवर आला आणि क्षणभर थांबला, की कॉम्प्रेसरची पकड सुटते आणि मागचा तानपुरा, त्याच्याबरोबर पंखाही, फुगून वर येतो. पुढचा स्वर लागताच तो पुन्हा दबतो. जो तानपुरा अखंड आणि स्थिर राहावा म्हणूनच छेडला जातो, तो असा खालीवर होऊ लागला की षड्‌जाचा आधारच हलल्यासारखा वाटतो. एकाच माइकवर तबलाही येत असेल तर अवस्था अधिक बिकट होते, कारण चाटेवरचा ‘ना’ कडक वाजला की यंत्र त्या आघाताबरोबर गळ्यालाही खाली ढकलते. अ‍ॅटॅक एकदोन मिलिसेकंदांवर ठेवला, तर खुद्द ‘ना’ची धारच बोथट होते.

गाण्याचा पल्ला आक्रसण्याची सुरुवात अर्थात या यंत्राने केलेली नाही. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा विद्युत माइक नव्हता. आवाज कर्ण्यात शिरून सुईला हलवी, म्हणून हळू गायलेले उमटत नसे आणि फार मोठ्याने गायलेले सुईला सोसत नसे. आवाज समपातळीत राखण्याचे काम तेव्हा गायकालाच करावे लागे. विद्युत मुद्रण आल्यावर हे बंधन सैल झाले. कुमार गंधर्वांचे गाणे, ज्यात एखादा स्वर उसळून येतो आणि लगेच विरत जातो, ते श्रोत्यांपर्यंत त्याच्या चढउतारासह पोहोचले, याचे काही श्रेय माइकलाही द्यायला हवे. इतक्या कष्टाने मिळालेला पल्ला संगणकावरच्या एका तयार सेटिंगने परत देऊन टाकणे, ही कोणत्याही अर्थाने प्रगती नव्हे.

मुद्रण इतरांच्या तुलनेत मोठे वाजावे म्हणून कॉम्प्रेसर लावायचा, हे कारण तर आता जवळजवळ उरलेलेच नाही. 2010 मध्ये युरोपीय प्रसारण संघाने ध्वनीची पातळी क्षणिक उच्चांकावर न मोजता कानाला एकंदर जाणवणाऱ्या जोरावर मोजण्याची शिफारस केली, आणि गाणी पुरवणाऱ्या बहुतेक मोठ्या सेवाही आता याच पद्धतीने प्रत्येक मुद्रण सारख्या जोरावर आणून वाजवतात. दाबून मोठे केलेले गाणे तिथे आपोआप खाली येते आणि त्याचा दबलेपणा तेवढा शिल्लक राहतो.

तरीही कॉम्प्रेसर सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. लोकलच्या खडखडाटात इयरफोन लावून ऐकणाऱ्याला मंद्रातला आलाप ऐकूच येत नसेल, तर त्याच्या दृष्टीने तो गायलाच गेलेला नाही, आणि ही अडचण खरी आहे. अशा वेळी बुडालेली ओळ संगणकावर हाताने दोनतीन डेसिबल उचलावी, कारण कुठे हळुवारपणा हेतुपूर्वक आहे आणि कुठे गायक नुसता माइकपासून दूर सरकला आहे, हे गाणे समजणाऱ्या माणसालाच कळते. त्यानंतरही गरज उरली, तर दोनास एक इतके सौम्य प्रमाण, तीसेक मिलिसेकंदांचा अ‍ॅटॅक आणि फार तर दोनतीन डेसिबलची घट एवढ्यावर थांबावे. हे सारे मुद्रणानंतर, मूळ फाइलच्या प्रतीवर करावे. गाणे चालू असतानाच ज्या इंटरफेसमध्ये कॉम्प्रेसर लागतो, तिथे तो बंद ठेवावा आणि 24 बिटची अस्पर्शित मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावी.