आधी मशीन आणा

कराडजवळच्या एका गावात एक मंडपवाला होता. पालीच्या खंडोबाची यात्रा तोंडावर आलेली, आणि त्याचा पंधरा इंची स्पीकर एका साखरपुड्यात जळाला. त्याने नवा आणला. तो एका बारशात गेला. तिसरा आणला, तो सत्यनारायणाच्या आरतीपर्यंतही टिकला नाही. मंडपवाल्याने आधी कंपनीला शिव्या घातल्या, मग दुकानदाराला, मग लाइटवाल्यांना. पहिले दोन पुतण्याने भंगारात घातले. तिसरा घेऊन मंडपवाल्याने मिरज गाठली.

मिरज वाद्यांचं गाव. हत्यारांना धार लावणाऱ्या इथल्या शिकलगारांनी सतारी-तंबोरे करायला घेतले, त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. 2024 साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. याच वाद्यांच्या गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं.

मिस्त्रीने दोन्ही अंगठ्यांनी कोन हलकेच आत दाबला. आत खरखरलं. त्याने वास घेतला.

“कॉईल जळालीय. मशीन आणलंय का?”

“मशीनला काय धाड भरलीय, चाचा? झ्याक वाजतंय. तुम्ही कोन घाला, परवा यात्रा आहे.”

“घालतो की. पण मशीन बघितल्याबिगर नाही. तंबोरा बोलेनासा झाला की लोक तारा बदलत बसतात. बिघडलेली असते घोडीवरची जवारी. जळालेलं बदलून काय होतंय पाहुणं? जाळणारं शोधाय पाहिजे.”

मंडपवाला चरफडत गेला. दुसऱ्या दिवशी एसटीत मांडीवर अॅम्प्लिफायर घेऊन परत आला.

मिस्त्रीने स्पीकरच्या जागी जाडजूड रेझिस्टन्स जोडला, मीटर लावला. काटा शून्यावर. मंडपवाला विजयी चेहऱ्याने हसला. मिस्त्रीने गाणं लावून दिलं आणि चहा मागवला. तासाभराने मशीन चांगलं तापल्यावर गाणं बंद केलं. आता काटा शून्यावर नव्हता. बारा व्होल्टच्या पुढे जाऊन थरथरत होता.

“गाण्याची वीज कोनाला मागंपुढं हलवते. ही वीज एकाच अंगाला ढकलून धरते. कॉईल नुसती तापत राहते. थंड मशीन तपासलं तर जन्मात सापडायचं नाही.”

एक ट्रान्झिस्टर गरम झाला की गळत होता. तो बदलायला चहाच्या पैशांहून फारसं जास्त लागलं नाही.

मग मिस्त्रीने कोन घातला. जुना कागद कापून काढला, मॅग्नेटच्या फटीतली काजळी चिकटपट्टीने उचलली, आणि कॉईल मधोमध बसावी म्हणून भोवती एक्सरे फिल्मच्या पट्ट्या खोचल्या. मिरजेत दवाखाने उदंड, त्यामुळे हा माल फुकट. गोंद वाळल्यावर पट्ट्या ओढून काढल्या आणि टॉर्चचा सेल लावला. टक. कोन पुढे आला.

“आधीचे दोन कुठायत? मॅग्नेट काय जळत नाही. तेही होतील.”

मंडपवाल्याने गावी फोन लावला, तसा पुतण्या धावत भंगारवाल्याकडे गेला. स्पीकर तिथेच पडून होते. पण भंगारवाला पक्का. पोराची घाई त्याने बरोबर हेरली. घेताना किलोवर घेतलेला माल त्याने देताना नगावर दिला.